कुठलं बंदर?

खुंटीवरची पिशवी गुरगुरली आणि मी निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप तसंच टाकून उठले.

"सावकाश गो," तात्या बाकड्यावरून म्हणाले. "बंदर काय पळून जात नाय."

वरवड्याच्या आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळायची ती एकाच जागी, मागल्या पडवीच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात. त्यामुळे घरातला एकुलता एक मोबाइल, म्हणजे माझा, कापडी पिशवीत घालून तिथल्या खुंटीला टांगलेला असायचा. मेसेज आला की पिशवी नुसतीच गुरगुरायची, फोन आला की सगळी भिंत दणाणायची. मी घाईघाईनं पिशवीत हात घातला.

"कुठलं बंदर?" तात्यांनी विचारलं.

मेसेज बँकेचा होता. आमच्या जोडखात्यातून इतके रुपये गेले, अमुक दुकानात गेले, आणि शेवटी गावाचं नाव. मी एकेक अक्षर लावत वाचलं, "फ्री-मँ-टल."

"ऑस्ट्रेलिया!" तात्या असे खूश झाले की जणू तिथं त्यांची सासुरवाडी होती. त्यांनी माझं सूप पुढ्यात ओढलं, निवडून ठेवलेल्या खड्यांतला एक उचलला आणि तांदळात खाली उजवीकडे ठेवला. "हे बघ. हे सिंगापूर, तिथनं असा खाली आला. धक्क्याच्या बाहेर आलं की एक चहावाला होता. चहा कसला, गरम पाणी. पण बाई गोड बोलायची."

"चहावाला की बाई?" आतून सासूबाईंचा, माईंचा, आवाज आला.

"दुकान नवऱ्याचं होतं गो!"

तात्या, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं बोटीवर होते. सारंग म्हणून उतरले, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. डावा पाय जरा ओढत चालायचे. कुणी विचारलं तर "तो कोब्याच्या बंदरात ठेवून आलो, हा दुसऱ्याचा हाय," असं सांगून हसवायचे. बंदरांच्या गोष्टी सांगायला त्यांना माझ्याइतकं गिऱ्हाईक गावात दुसरं नव्हतं.

माई पदराला हात पुशीत दारात आल्या. "पैसे गेल्याचा निरोप आलाय, नि ही दोघं पेढे वाटायच्या बेतात," असं म्हणून आत वळल्या. बंदरांचं बोलणं निघालं की त्या नेहमीच उठून जायच्या. मला वाटायचं, तीस वर्षांच्या गोष्टी ऐकून ऐकून त्यांना कंटाळा आला असेल.

माझं माहेर संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, डोंगरात. समुद्र मी पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, आणि तोही बाईंनी गुडघ्यापुढे जाऊ दिलं नव्हतं. मला सांगून आलेलं स्थळ बोटीवरचं. सुहास इंजिनखोलीत फिटर होता. आमच्याकडे मुलगा बोटीवर असतो म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, कुठली बोट, कुठे जाते, कधी येते. पगार बरा, माणसं चांगली, एवढ्यावर लग्न झालं. चार महिने संसार झाला. आणि मग नवरा एक निळी बॅग घेऊन विमानानं सिंगापूरला गेला नि तिथे बोटीवर चढला.

चार महिन्यांत त्याची मला नुकतीकुठे सवय लागत होती. तो बोलायचा फार कमी. पण मी विहिरीवर असले की उगाचच पंप बघायला यायचा, काही बिघडलेलं नसताना नट पिळत बसायचा. मी आत गेले की पंपही दुरुस्त व्हायचा.

बोटीवरून फोन म्हणजे त्या काळी महागडं प्रकरण. बंदरावर उतरलं की फोनचं कार्ड विकत घ्यायचं, बूथवर रांग लावायची. त्यातून फोन आला की त्याचं बोलणं ठरलेलं, "जेवलीस? माई बरी? तात्यांचा खोकला?" की ठेवला. बरं, तात्यांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर असायचा. नवीन सून, समोर सासू-सासरे, आणि स्पीकरवर नवरा. मी "हो", "बऱ्या आहेत", "कमी आहे" अशी उत्तरं द्यायचे. मनात जे काही असायचं ते विहिरीत पोहरा सोडावा तसं खाली जायचं नि रिकामं वर यायचं.

पण मेसेजचं तसं नव्हतं. तो जाताना आम्ही दोघं रत्नागिरीच्या शाखेत जाऊन जोडखातं उघडलं होतं. कार्ड त्याच्याकडे, आणि खात्याला नंबर माझा, कारण त्याचा फोन समुद्रात बंदच राहणार होता. कार्डाचा चार आकडी नंबर ठरवताना त्यानं बँकेतल्या माणसाकडे पाठ करून मला हळूच विचारलं होतं, "लग्नाची तारीख टाकू?" मी मान डोलावली होती.

म्हणून मेसेज आला की मला रुपये-पैसे दिसायचेच नाहीत. मला दिसायचं ते एवढंच, की आत्ता, या घटकेला, जगाच्या कुठल्यातरी टोकाला त्यानं एका दुकानात उभं राहून आमच्या लग्नाची तारीख दाबली. सिंगापूरला साबण-पावडरीचं दुकान. फ्रीमँटलला न्हाव्याचं. डर्बनला तर चक्क आइस्क्रीमचं! "मला गोड आवडत नाही" म्हणत ताटातला शिरा बाजूला सारणारा हा माणूस. ते वाचून मी दिवसभर हसत होते आणि संध्याकाळी विहिरीवर एकटीच रडले. मला तो हवा होता. त्याचं आइस्क्रीम खाल्लेलं तोंड बघायला हवं होतं.

मग कोलंबोहून फोन आला. "आता एडनकडून जाणार. कालव्यातून वर इटलीला. जरा दिवस लागतील," सुहास म्हणाला. "काळजी करू नका."

काळजी करू नका असं तो एरवी कधी म्हणत नसे. ते दिवस समुद्री चाच्यांचे होते. एडनच्या बाजूला बोटी पकडून नेत होते, माणसं अडकवून ठेवत होते. खाडीपलीकडच्या वाडीतला एक मुलगा असाच कित्येक महिने अडकला होता. सुटून आला तेव्हा त्याच्या आईनं त्याला ओळखलं ते आवाजावरून.

तात्यांनी सुपात खडे मांडले. कोलंबो, एडन, कालवा आणि वर डाव्या बाजूला इटलीचं जिनोवा. "तिथं लागला की उतरेल. उतरला की काहीतरी घेईल. घेतलं की तुझी पिशवी वाजेल," ते म्हणाले.

मी पिशवीची वाट बघायला लागले. सकाळी उठले की आधी हात पिशवीत. फोन बिघडला असेल म्हणून शेजारच्या नलूवहिनींना मेसेज करायला लावला, तो लगेच आला. एकदा भरदुपारी पिशवी गुरगुरली. मी उष्ट्या हातानं धावले.

"कुठलं बंदर?" तात्याही उठून उभे राहिले होते.

"तुमची पेन्शन जमा झाली," मी म्हटलं. त्यांच्या खात्यालाही नंबर माझाच दिलेला होता. तात्या परत खाली बसले. स्वतःच्या पेन्शनवर इतका चिडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तात्यांच्या हिशेबानं बोट जिनोव्याला लागायचा दिवस येऊन गेला. ते रोज म्हणायचे, "एक-दोन दिवस इकडंतिकडं होतंच." मग तेही म्हणेनासे झाले. त्यांनी मुंबईच्या एजंटला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "काका, आमचा फोन आला नाही म्हणजे बोट ठीक आहे असं समजायचं. फोन आला तर घाबरा." त्यानंतर घरात फोनची भीती बसली. पिशवी वाजावी असंही वाटायचं आणि भिंत दणाणू नये असंही वाटायचं.

माई तशा काहीच बोलल्या नाहीत. फक्त मासे साफ करायची विळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून उचलली नि मागल्या पडवीत आणून ठेवली, खुंटीच्या खाली. पुढे नारळ खवायलाही तिथंच बसू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथं उजेड बरा हाय."

आणि एका दुपारी भिंत दणाणली.

मी फोन काढला पण उचलायचं धाडस होईना. तात्यांनी माझ्या हातातून घेऊन बटण दाबलं नि हॅलो म्हटलं.

"हॅलो, तात्या? सुहास बोलतोय. जेवलात?"

तात्या मटकन बाकड्यावर बसले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अहो! कुठे आहात?"

"बार्सिलोना. स्पेन. कालच लागलो."

"आणि जिनोवा?"

"जिनोवा झालं की. दोन दिवस होतो तिथे. चांगलं गाव. बूट घेतले."

"बूट घेतले?"

"जुने फाटले होते. का?"

"मेसेज आला नाही."

"कसला मेसेज? हां, तो! तो कसा येईल? कंपनीनं आम्हाला सगळ्यांना नवीन कार्ड दिलंय ना, ट्रॅव्हल कार्ड. आता मी तेच वापरतो. बँकेचं ठेवून दिलंय बॅगेत."

"का?" मी विचारलं.

सुहासला कुणी यंत्राबद्दल "का" विचारलं की त्याची कळी खुलते. तीच गत कार्डाची झाली. एरवी तीन वाक्यांत फोन ठेवणारा माझा नवरा स्पेनहून, महागातलं फोनकार्ड जाळत, मला दोन कार्डांतला फरक समजावून सांगू लागला.

"हे बघ. डेबिट कार्ड म्हणजे आपल्या विहिरीला लावलेला पंप. मी इथे बटण दाबलं की तिथे आपल्या खात्यातून पाणी उपसलं जातं. दर वेळी रुपयाचे डॉलर करायचे, त्याचा भाव त्या दिवशी असेल तो, वर बँक आपली दलाली कापणार ती वेगळी. कळलं?"

"कळलं."

"आणि ट्रॅव्हल कार्ड म्हणजे भरून घेतलेली कळशी. आधीच त्यात डॉलर भरून ठेवलेत. भाव भरताना ठरला तो ठरला. आता त्यातलंच प्यायचं. विहिरीशी त्याचा काही संबंध नाही. आमच्यातल्या एकाच्या बँकेच्या कार्डाची चोरांनी नक्कल उतरवून घेतली नि अख्खं खातं साफ केलं. कळशी चोरीला गेली तर कळशीभरच पाणी जाईल. विहीर शाबूत. उरलं तर परतही करता येतं. सगळीकडून फायदा आहे."

"पण मग त्याचे मेसेज?"

"ते माझ्या नंबरावर येतात. माझा फोन बंद असतो, ती गोष्ट वेगळी. पण तुला काय करायचेत ते? खर्च माझ्या कळशीतला आहे. खात्याला धक्का नाही."

मला ओरडून सांगायचं होतं, की मला तुमची विहीर नको नि कळशी नको. पण समोर तात्या, खाली विळीवर माई, आणि फोन स्पीकरवर. मी म्हटलं, "बँकेचं कार्ड काय वाईट होतं?"

"अगं, आत्ताच सांगितलं ना! दलाली जाते."

"जाऊ दे ना थोडी."

"थोडी कशाला जाऊ द्यायची?"

"तेच बरं वाटत होतं."

"वैजू, तू बी. कॉम. ना?" सुहास हसला. "परत सांगतो. समजा, आपली विहीर..."

"मला समजलंय!" माझा आवाज चढला आणि मीच दचकले. सासऱ्यांसमोर मी असं कधी बोलले नव्हते. आणखी एक शब्द बोलले असते तर रडले असते, म्हणून गप्प बसले. स्पेनहून नुसती खरखर ऐकू येत होती.

"हॅलो? काय झालं? काही कमी आहे का घरी?" सुहासनं विचारलं. तो खरोखरच गोंधळला होता. "कंपनीकडून पगार वेळेवर जमा होतोय ना? घरी पैसे येतायत ना? मग झालं तर!"

विळी खाडकन आडवी झाली. माई उठल्या. हाताला बांगड्याचे खवले तसेच लागलेले होते. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. मोबाइल त्यांनी त्याआधी कधी हातात धरला नव्हता. तोंडासमोर आरशासारखा धरून त्या म्हणाल्या, "सुहास, तुझा बापूस पण असाच म्हणाला होता."

"माई? काय म्हणाले होते?"

"तू तीन महिन्यांचा होतास. हे बोटीवर. तेव्हा बोटीवर चढतानाच सही करून जायचं, दर महिन्याला घरी एवढे एवढे पाठवा म्हणून. मुंबईचं ऑफिस बरोब्बर मनीऑर्डर करायचं. मी मनीऑर्डर घ्यायची नि समजायची, माणूस खुशाल हाय. पैसे पाठवतोय म्हणजे खुशालच असणार ना?"

तात्या बाकड्यावर ताठ झाले होते.

"त्या वर्षी मी गणपतीला नवीन लुगडं घेतलं. एकवीस मोदक स्वतःच्या हातानं केले. भजनाला गावाला बोलावलं. नि तेव्हा हे तिकडं कोब्याला इस्पितळात होते. बोटीच्या पोटात पडले, पायाचं हाड मोडलं. दोन महिने अंथरुणाला. मनीऑर्डर येतच होती रे. तिला काय कळतंय? ती आधीच सांगून ठेवलेली. माणूस मेला असता तरी त्या महिन्याची आली असती."

"माई, मला हे..."

"हे घरी आले ते लंगडत आले. मी दारात बघतच राहिले. विचारलं, एक ओळ तरी कळवायची. तं हसले. म्हणाले, तुला पैसे येत होते ना? मग झालं!" माईंचा आवाज तिथं फुटला. त्यांनी तो परत बांधून घेतला. "तुझ्या पंपाचं तू सांगितलंस ते बरोबर हाय. पंप चालला की घरात आवाज येतो. तुझी कळशी कुठं रिकामी झाली ते घरी कुणाला कळतं? ही पोर रोज या पिशवीत हात घालून बघत्ये. आम्ही इथं जीव मुठीत धरून बसलो, नि तू बूट घेतलेस. दलाली जाते तं जाऊ दे. मी भरीन. पण बंदरावर उतरलास की पंप चालव."

मग सुहास हळूच म्हणाला, "माई, रडतेयस?"

"मासे साफ करत्ये," माई म्हणाल्या, जसं काही माशांनी डोळ्यांत पाणी येतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. बटण कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मला खुणेनं सांगितलं, स्पीकर बंद कर. आणि विळी, बांगडे, सगळं उचलून आत गेल्या. तात्यांनाही डोळ्यांनी उठवलं. पडवीत मी एकटी उरले.

मी फोन कानाला लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज एकट्या माझ्या कानात आला.

"वैजू," तो म्हणाला. "खरंच वाट बघतेस?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही ती तारीख दाबता ना, तेव्हा मला कळतं. मला तेवढंच हवं असतं. आणि डर्बनला आइस्क्रीम कुठलं खाल्लंत, ते सांगा."

पलीकडे तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं, कार्ड संपलं. मग म्हणाला, "नारळाचं. घरची आठवण येत होती." आणि तेव्हा खरंच कार्ड संपलं.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला पिशवी गुरगुरली. बार्सिलोना. रक्कम इतकी किरकोळ होती की त्यावर बँकेनं कापलेली दलालीसुद्धा लाजली असती. मी मोठ्यानं वाचलं. तात्यांनी "कुठलं बंदर?" असं विचारलं नाही. फोन झाल्यापासून ते कुणाशी बोललेच नव्हते. सुपात खडेही मांडले नाहीत. ताटावर बसले, दोन घास खाऊन उठले. माई त्यांच्याकडे न बघता वाढत होत्या.

त्यानंतर सुहास जितकी वर्षं बोटीवर होता तितकी वर्षं हे चाललं. बाकी खर्च ट्रॅव्हल कार्डावर, कारण फायदा सोडणारा तो नव्हेच, पण प्रत्येक बंदरावर एक वस्तू बँकेच्या कार्डानं. कंगवा, पेन्सिल, काड्यापेटी. पुढे व्हिडिओ कॉल आले, पडवीत काय, माडाच्या शेंड्यावरसुद्धा रेंज मिळायला लागली, तरी तो एक मेसेज यायचाच. आता तो कायमचा घरी आहे आणि बाजारात गेला तरी मला सांगून जातो. कधीकधी मला त्या पिशवीच्या गुरगुरण्याची इतकी आठवण येते की तो समोर बसलेला असतानाही कासावीस व्हायला होतं. हे त्याला सांगितलं तर परत विहीर नि पंप सुरू करील, म्हणून सांगत नाही.

पण मला सांगायचंय ते माझं नाही. त्या फोनच्या दुसऱ्या दिवसाचं आहे.

सकाळी तात्या अंघोळ करून, लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट चढवून तयार झाले. कपाटापाशी जाऊन काहीतरी खुडबुड करत होते. मला हाक मारून हळू आवाजात म्हणाले, "वैजू, बँकेनं मला ते कार्ड दिलंय ना, त्याचा आकडा कुठं लिहिलेला असतो?"

ते कार्ड आल्या दिवसापासून पाकिटातून बाहेर निघालं नव्हतं. "असल्या पत्र्याला कोण पैसे देतं?" असं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं होतं. मी दुसरं बंद पाकीट फोडून त्यांना आकडा दाखवला. मशीनमध्ये कार्ड कसं घालायचं, आकडा कधी दाबायचा, हेही त्यांनी माझ्याकडून समजून घेतलं. मला वाटलं, पैसे काढायचे असतील.

"कुठं निघालात?" माईंनी ओसरीवरून विचारलं. आदल्या दुपारनंतर त्या तात्यांशी बोलल्या तो हा पहिला शब्द.

"रत्नागिरीला."

"काय काम काढलं?"

"हाय जरा," असं म्हणून तात्या पाय ओढत एसटीच्या थांब्याकडे निघाले. माई फाटकापर्यंत गेल्या, पाठमोऱ्या माणसाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि परत येऊन मला म्हणाल्या, "सांगून जायची सवयच नाय मेली या घराला."

दुपारी आम्ही दोघी मागल्या पडवीत होतो. माई नारळ खवत होत्या, मी तांदूळ निवडत होते. सुहासची बोट बार्सिलोनाहून निघाली असणार, म्हणजे आता बरेच दिवस काही यायचं नव्हतं. तेवढ्यात पिशवी गुरगुरली.

माझ्या आधी माई उठल्या. त्यांनीच पिशवीत हात घातला, फोन काढून मला दिला.

"त्याचा?"

मी बघितलं, परत एकदा बघितलं. "नाही," मी म्हटलं. "तात्यांचा."

"पेन्शन?"

"नाही. कार्ड वापरलंय. दुकानात काहीतरी घेतलंय त्यांनी."

माईंच्या हातात खोबरं होतं. ते त्यांनी विळीपाशी ठेवलं. मग तिथेच खाली बसल्या, भिंतीला टेकून. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी त्यांना पहिल्यांदाच सासू सोडून दुसरं कुणीतरी म्हणून पाहिलं. तीन महिन्यांचं मूल कडेवर घेतलेली, नवीन लुगड्यातली एक पोर.

"कुठलं बंदर?" त्यांनी विचारलं.

"रत्नागिरी," मी म्हटलं.

"परत वाच."

मी सगळा मेसेज परत वाचला. खात्याचे शेवटचे आकडे, रक्कम, दुकानाचं नाव, आणि गाव. माई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पोचले म्हणायचे," त्या म्हणाल्या.